दातातली काडी

पडवी अर्धीच सारवून झाली होती. भिंतीकडची बाजू ओली, उंबऱ्याकडची अजून कोरडी, आणि मधोमध शेणाची पाटी घेऊन अंजना उकिडवी बसलेली. दुसऱ्या दिवशी वाघबारस. डोंगरातल्या घरांना हा दिवस दिवाळीहून मोठा, कारण त्या दिवशी गुराख्यांनी वाघोबाला खीर द्यायची आणि वर्षभर गुरामाणसाला सांभाळ म्हणून हात जोडायचे. सारवण दुपारच्या आत उरकलं तर तांदूळ निवडायला वेळ मिळणार होता.

तेवढ्यात तांबडी कोंबडी अंगणातून चालत आली आणि नेमकी ओल्या सारवणात बसली.

"हाड! मेले, आत्ताच तर हात फिरवलाय!" अंजनाने शेणाचा हात उगारला.

कोंबडी उठली नाही. तिने मान वाकडी केली, चोच उघडली, आणि चोचीतून पाण्याची तार खाली लोंबली. पाय ताठ झाले, थरथरले आणि आखडले. अंजनाचा हात उगारलेलाच राहिला. घरात कोंबडी मरणं काही नवं नव्हतं. मानमोडीची साथ येते, मुंगूस येतं. पण तशी पाण्याची तार तिने त्याच दिवशी पहाटे पाहिली होती. नवऱ्याच्या उशीवर.

नवरा, सुभाष, पहिल्या गाडीने पुण्याला गेला होता. तो गोल्फ खेळायचा. हौस म्हणून नाही, पोटासाठी. तळेघरच्या पुढच्या वाडीतला माणूस गोल्फवर घर चालवतो हे घोडेगावात सांगितलं तर लोक आधी हसत आणि मग, "म्हंजे नक्की करतो काय?" असं विचारत.

त्याचा बाप लवकर गेला. चुलता भागू, ज्याला सगळी वाडी तात्या म्हणायची, पुण्यात एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायला होता. सुभाष दहावीत आपटला तेव्हा तात्या त्याला घेऊन गेला. साल असेल एक्क्याण्णव-ब्याण्णव. मैदान बघून पोरगा म्हणाला होता, "तात्या, एवढी हिरवी रानं, आन् एकबी म्हस न्हाई?" तात्या ही गोष्ट पुढे वर्षानुवर्षं सांगायचा आणि दर वेळी स्वतःच आधी हसायचा.

मैदानावर चेंडू घालायच्या भोकाभोवतीचं गवत वेगळं असतं. अगदी बारीक, गालिच्यासारखं, रोज कापलेलं. त्याला तिकडे ग्रीन म्हणतात. पहिल्याच दिवशी त्या ग्रीनवर पाय ठेवण्याआधी सुभाष वाकला, कडेची एक काडी खुडली, दातात धरली आणि मगच पुढे गेला. आई गोजरबाईने त्याला तसं लहानपणापासून शिकवलं होतं. त्यांच्या वाडीत गुराखी नव्या रानात शिरला की आधी तिथल्या गवताची काडी दातात धरायचा. वाघोबाला सांगायचं की मी तुझ्या रानात गवत खाणारं गूर होऊन आलोय, शिकारी होऊन नाही, मला राख. पांढरीतली, खाली गावठाणातली माणसं याला खुळचटपणा म्हणतील. पण ज्यांची गुरं रोज जंगलाच्या कडेला चरतात त्यांना देवाशी असं काहीतरी बोलून ठेवावंच लागतं.

गवत कापता कापता सुभाष साहेबलोकांच्या पिशव्या उचलायला लागला. एका म्हाताऱ्या निवृत्त साहेबाने त्याला आपल्या जुन्या काठ्या दिल्या. मैदान रिकामं झालं की तो खेळायचा, आणि सुट्टीत वाडीवर आला की भात कापलेल्या खाचरांतून चेंडू मारत सुटायचा. पुढच्या पावसाळ्यात भाताचं आवण लावताना चिखलातून चेंडू निघायचे. बाया म्हणायच्या, "गोजरबाय, औंदा भात पेरलं का अंडी?" पुरुष विचारायचे, "काय सुभाषराव, गुरं वळायची काठी अशी टोकाला वाकडी कशी झाली?" सुभाष हसायचा आणि पुढचा चेंडू मारायचा. तो चेंडू वाडीवरून, ओढ्यावरून, पार वाघोबाच्या माळाखाली जाऊन पडायचा. मग बोलणारेही डोळ्यांवर हात धरून तो कुठवर गेला ते बघायचे.

सत्त्याण्णव साली त्याने मोठी परीक्षा दिली आणि व्यावसायिक खेळाडू झाला. पुढच्याच उन्हाळ्यात अंजनाशी लग्न झालं. अंजना भीमाशंकरच्या लगतच्याच एका पाड्यावरची. लग्नाआधी दर वर्षी आईबापाबरोबर मजुरीला खाली बेल्ह्याला जायची, कांदा काढायला, उसाला माती लावायला. तिला आधी वाटलं होतं, खेळणारा नवरा म्हणजे रिकामटेकडा. मग कळलं की हा माणूस पहाटे उठून तळहाताला फोड येईस्तोवर राबतो, रेल्वेत पिशवी पायांत घेऊन दिल्लीला जातो, कलकत्त्याला जातो, आणि हरला तरी घरी आल्यावर आधी गोठ्यात जातो. एकदा बंगळूरला तो तिसरा आला. पुण्याच्या पेपरात फोटो छापून आला: सुभाष वाकून चेंडूकडे बघतोय आणि दातात गवताची काडी. गोजरबाईने तो कापून चौकटीत घातला आणि देव्हाऱ्याशेजारी टांगला. रोज देवांना कुंकू लावलं की उरलेलं बोट फोटोच्या काचेला.

"बघ," ती सुनेला म्हणायची, "सायेबाच्या रानात गेला तरी काडी सोडली न्हाई माझ्या लेकानं. म्हून तर राखलाय त्येनं."

बिघडलं ते गेल्या दिवाळीपासून. आधी नुसता घाम. थंडीतसुद्धा सदरा पाठीला चिकटायचा. मग तोंडाला पाणी सुटायला लागलं. जेवताना, बोलताना, झोपेत. एकदा त्याने दिव्यासमोर तिच्याकडे पाहिलं आणि अंजना चरकली. डोळ्यांतली काळी बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"अंजे, वात वर कर गं, अंधुक दिसतंय."

वात वरच होती.

मग हात. उजव्या हाताची बोटं आधी मुंग्या आल्यासारखी, मग सदऱ्याचं बटण लावताना चुकायला लागली. एकदा चहाची कपबशी हातातून सुटली. गोजरबाई म्हणाली, "फुटू दे, जुनीच व्हती." पण सुभाष फुटक्या बशीकडे न बघता स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. ज्या हाताने चेंडू ओढ्यापलीकडे जायचा त्याच हाताला आता, भोकापासून वीतभर अंतरावर, काठी चेंडूला नीट टेकवता येत नव्हती. वर्षभरात तो खेळाडूंच्या यादीत खाली खाली घसरला. आता पुण्यातच होणारी वर्षाची शेवटची स्पर्धा उरली होती. तिच्यात टिकला तर पुढच्या वर्षी खेळायचा परवाना राहणार. नाहीतर पुन्हा दुसऱ्यांच्या पिशव्या. आणि अंजनाला मनात वाटायचं, पिशवी तरी कोण देईल, हात असा कापला तर?

तिने त्याला घोडेगावच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली, हात पुढे करायला लावला, आणि चांगला नेमका प्रश्न विचारला.

"शेतात फवारणी करता का?"

"न्हाई साहेब. शेती आईच बघती, भात आन् नाचणी. त्याला कसली फवारणी?"

"मग काम काय करता?"

"गोल्फ खेळतो."

डॉक्टर हसला. "मग काय राव! मोकळी हवा, हिरवं गवत. आम्ही पैसे देऊन जावं अशी जागा." त्याने ताकदीची सुई दिली, गोळ्या दिल्या, काळजी कमी करा म्हणाला. अंजनालाही बरं वाटलं होतं. घरी येताना तिने शंकराच्या नावाने सोमवार धरले.

गोजरबाईचा मात्र डॉक्टरवर विश्वास नव्हता. तिचं गणित वेगळं होतं. गेल्या वाघबारसेला सुभाष स्पर्धेसाठी बाहेरगावी होता, खीर द्यायला आला नाही. "त्यो मागतोय," ती म्हणायची. "तोंडाला पानी सुटतंय ते लेकाच्या न्हाई, त्याच्या सुटतंय." हे ऐकलं की अंजनाच्या अंगावर काटा यायचा. रात्री वाघोबाच्या माळाकडून काही ओरडलं तर ती उठून नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून बघायची, वर खाली होते का.

यंदाही वाघबारसेला तो स्पर्धेत अडकणार, म्हणूनच गोजरबाईने त्याला आधी मुद्दाम बोलावून घेतलं. सुभाष आदल्या संध्याकाळी सराव करून तसाच आला. बूटही तेच, तळाला खिळे असलेले, मातीने भरलेले. नवे बूट पुण्यालाच होते, म्हणून हे जुने तो घरी सोडून गेला. पहाटे आईने त्याला माळावर नेलं, वाघ कोरलेल्या, शेंदूर लावलेल्या लाकडी पाटीसमोर डोकं टेकवायला लावलं आणि सांगितलं, "सुभाष, आता काडी नुसती दातात धरू नगं. चाव. रस पोटात जाऊ दे. वरवर केल्यालं चालंना झालंय त्याला. आज सराव हाय ना? आजपासूनच धर. हर एक रानात."

"बरं आई."

"शपथ घे."

त्याने घेतली. अंजना मागे दिवा घेऊन उभी होती. शपथ घेताना त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं आणि त्याने ते बाहीने पुसलं.

सकाळी सूर्य वर आल्यावर अंजनाने सारवायला घेण्याआधी ते जुने बूट उचलले होते. सणाला दारात घाण नको. काडीने खिळ्यांमधली माती खरवडली, उंबऱ्यावर बूट आपटले. मातीची ढेकळं आणि गवताचे पुंजके अंगणात पडले. कोंबड्या धावत आल्या. तिला बरंच वाटलं, झाडायचं काम वाचलं.

आता तांबडी सारवणात आडवी पडली होती. अंजना हात न धुताच अंगणात आली. दुसरी कोंबडी, काबरी, तुळशीमागे भिंतीला टेकून बसली होती, पंख पसरून. तिच्याही चोचीतून तार. अंजनाने खाली बसून ती माती बोटाने उकरली. गवताच्या मुळांत, मातीत अडकलेले, बारीक जांभळट दाणे होते. नाचणीपेक्षा थोडे मोठे.

हे दाणे तिच्या ओळखीचे होते. बेल्ह्याला धर्माजी म्हणून शेतकरी होता, त्याच्या उसाला मुळं खाणारी हुमणीची अळी लागली की तो असलेच दाणे सरीत टाकायचा. हाताला पिशवी बांधून, तोंडाला फडकं लावून. मजुरांना ओरडून सांगायचा, "ए बायांनो, आज रानात भाकरी खायाची न्हाई! आन् कोंबडी सोडली आन् मेली तर माज्या नावानं रडायचं न्हाई!" एकदा त्याच्या गड्याने ते टाकून तशाच हाताने तंबाखू मळली होती. त्याच्या तोंडातून असंच पाणी आलं होतं. तो गडी पुढे कामाला दिसला नाही. कुठे गेला हे बायांनी विचारलं नव्हतं.

पण हे ऊसवाल्यांचं औषध. खेळायच्या मैदानात कोण कशाला टाकेल?

ती तशीच बसलेली असताना भागूतात्या आला. वाघबारसेची रजा घेऊन, खांद्यावर पिशवी, हातात मिठाईचा खोका.

"काय गं पोरी, दारात सुतक असल्यागत का बसलीस? सासूनं हाणलं का काय?"

अंजनाने तळहात पुढे केला. तात्याने वाकून पाहिलं आणि तिच्या मनगटाला फटका मारून दाणे खाली पाडले.

"टाक! धू हात आधी! साबन लावून धू!" मग त्याने दोन्ही कोंबड्या पाहिल्या. "हे हितं कसं आलं?"

"ह्यांच्या बुटातून. तात्या, हे काय हाय?"

"हुमणीचं औषध. ग्रीनमधी किडा झालाय लई. दोन वर्सं झाली. कावळे उतरायचे आन् किड्यापायी समदं गवत उपटून ठेवायचे. सायेब बोंबलायचे. मग हे आनलं. पहाटं आमीच टाकतो, वर पानी मारतो. आता बघ, एक कावळा उतरत न्हाई." हे त्याने जरा अभिमानानेच सांगितलं. "परवा तर दुप्पट टाकलं. स्पर्धा हाय ना."

"समद्या ग्रीनला?"

"समद्या. का गं?"

अंजना आत गेली, देव्हाऱ्याशेजारचा फोटो खिळ्यावरून काढला, बाहेर आणून तात्याच्या हातात दिला. काचेवर कुंकवाचे थरावर थर होते. त्याखाली सुभाष, आणि त्याच्या दातातली काडी.

तात्या फोटो बघत राहिला. त्याच्या हातातला खोका कधी खाली गेला ते त्यालाही कळलं नाही.

"आगं, मी पहाटं टाकून निघून जातो," तो पुटपुटला. "त्यो खेळतो तवा मी तिकडं यंत्राकडं. काडी धरतो हे म्हाईतच हाय की मला. रोजचंच. पन दातातल्या काडीकडं कोन बघतंय? मीच टाकत व्हतो गं. मीच."

मागे काठीचा आवाज झाला. गोजरबाई परसातून आली होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. ती कोंबड्यांजवळ गेली, काबरीची मान काठीने उचलून बघितली. मान परत पडली.

"आत्याबाई," अंजना म्हणाली, "देव मागत नव्हता. ते औषध हाय. गवतावरचं. त्यांच्या पोटात रोज जातंय."

"माज्या देवाची काडी इख न्हाई व्हत."

"देवाची न्हाई हो. ती त्या मैदानाची काडी. आन् तुम्ही आज चावायला सांगितलंय त्यांना. शपथ घातलीय."

गोजरबाईने सुनेकडे पाहिलं. अंजनाला वाटलं, आता काठी उगारणार. म्हातारी नुसती उंबऱ्यावर बसली.

"तात्या, फोन करा की तिकडं," अंजना म्हणाली.

"तळेघरचा फोन मरून पडलाय. येतानाच बघून आलो. घोडेगावाशिवाय लागायचा न्हाई. आन् लागला तरी त्यो ऐकंल व्हय? आईची शपथ हाय म्हनल्यावर? त्यो म्हनंल, कळलं, आन् परत वाकून खुडंल."

हे खरं होतं. सुभाष सगळं सोडेल पण ते सोडणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. त्याच्या मनात खेळ आणि काडी एकच होतं. काडी सोडली तर हात राहील, पण त्याला वाटेल हात काडीमुळेच होता.

मग गोजरबाई उठली. काठी टेकत माळाच्या वाटेला लागली. तात्या म्हणाला, "वयनी, मी येतो," तर तिने मागे न बघता हात हलवून नको म्हटलं. अंजनाने तोवर साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, कोंबड्या फडक्यात गुंडाळून तात्याला दिल्या, "खोल पुरा, कुत्र्यानं उकरायला नको," म्हणाली. अंगणातली माती खराट्याने टोपलीत भरून तीही पुरायला ठेवली. लुगडं बदललं. अर्ध्या सारवणावरून चालताना तिच्या पावलांचे ठसे उमटले, तिने ते तसेच राहू दिले.

गोजरबाई परतली तेव्हा तिला धाप लागली होती. पदराच्या टोकात काहीतरी गाठ मारून आणलं होतं. तिने गाठ सोडली. वाघोबाच्या पाटीपायथ्याचं गवत होतं, पिकत आलेलं, पिवळट, एक जुडी.

"हे त्याच्या पायाचं हाय," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "त्याला सांग, आईनं शपथ मोडली. मी मोडली, त्यानं न्हाई, दोस माजा. कुटल्याबी रानात ग्येला तरी ही काडी धरायची, घरची. तितलं गवत तोंडाला लावायचं न्हाई. मी त्याला इचारलंय." तिने डोंगराकडे मान केली. "त्यो व्हय म्हनला का न्हाई, ते मला कळलं न्हाई. पन मी सांगून आले."

अंजनाने ती जुडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कोऱ्या फडक्यात बांधली. तात्याने आपल्या पिशवीतून औषधाच्या रिकाम्या पुडक्याचा तुकडा काढला. गाडीत पिशवीत ठेवताना मिठाईच्या खोक्याखाली मऊ राहावं म्हणून त्याने तेच पुडकं घातलं होतं. अंजनाने खोका पायाने दूर सरकवला.

"हे मोठ्या दवाखान्यात दाखव," तो खाली मान घालून म्हणाला. "डाक्टरला नाव वाचता यील. आन् खोका परड्यात पुरतो कोंबड्यांसंगं."

"सराव कितीला सुरू हुतो?"

"झाला आसंल," तात्या म्हणाला.

अंजनाला डोळ्यांसमोर दिसलं. ऊन चढलेलं, हिरवागार गालिचा, वर एकही कावळा नाही. नवरा वाकतोय. बोटं कापतायत म्हणून खुडायला जरा वेळ लागतोय. मग सरळ होतोय आणि आईला दिलेल्या शब्दाप्रमाणे नीट, सावकाश चावतोय.

तिने देव्हाऱ्यापुढे दिवा लावला, फोटो परत खिळ्यावर टांगला नाही, पालथा घालून फळीवर ठेवला. गोजरबाई म्हणाली, "मी सारवते ऱ्हायल्यालं," आणि शेणाच्या पाटीजवळ बसली. शेण वाळत आलं होतं, तिने त्यात पाणी घातलं.

फडकं पदराखाली घट्ट धरून अंजना वाटेला लागली. तिला आता तळेघरच्या नाक्यावर जाऊन भीमाशंकरहून येणारी, पुण्याच्या शिवाजीनगरची गाडी पकडायची होती.